आधी वेलांटी

चरईत, आमच्या मागच्या गल्लीत,
क्लॅरिस मिस्किटांकडे पियानो आहे.
सोमवार-गुरुवार पाच ते सात मुलं येतात
आणि एकच ओळ एकाच जागी अडखळत राहते
माझं दूध उतू जाईपर्यंत.

एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेत टंकलेखिका.
माझा कान घडला तो सुरांवर नाही,
लोखंडावर.
पलीकडच्या टेबलावरची खटखट ऐकून सांगायचे,
घोलप, 'नुसार'चा काना राहिला तुमचा.
बोटं निवृत्त झाली. कान नाही झाला.

एका गुरुवारी त्यांच्या दारात उभी राहून म्हटलं,
ती हिरव्या फ्रॉकवाली करंगळीशेजारच्या बोटाला घाबरते.
बाईंनी चष्म्यावरून बघितलं.
तुम्ही वाजवता?
छे, मी टाइप करायचे.
मग आत या, म्हणाल्या.

फोनवर पाठवलं त्यांनी काय काय.
नावं लांबलचक, जर्मन, पोलिश,
आणि पुढे आकडे : कृती अमुक, क्रमांक तमुक.
भाचा म्हणाला, मावशी, हे फार अवघड असतं.
मला तर शासन निर्णय वाचल्यासारखं घरचं वाटलं.

पण ऐकायला बसले आणि षड्जच सापडेना.
मागे तानपुरा नाही, कशाला धरून बसायचं?
मींड नाही. या सुरातून त्या सुरात
घरंगळत जायची सोयच नाही,
प्रत्येक सूर आपापल्या पाटावर
मांडी घालून.
समेला मान हलवायला गेले,
सम आलीच नाही,
मान अर्ध्यात तशीच.
मग झोप लागली.

तक्रार घेऊन गेले. मिस्किटाबाई ईस्ट इंडियन,
त्यांची मराठी माझ्याहून खारट.
उजवा हात ऐकूच नका, म्हणाल्या,
तो काय, मिरवतोच.
आठ दिवस फक्त डावा ऐका.

आठ दिवस मी बिरड्याचे वाल सोलत
फक्त डावा ऐकला.
पहिले दोन दिवस खाली कुणीतरी जिना झाडतंय एवढंच.
तिसऱ्या दिवशी झाडणारा एका पायरीवर थांबला.
का थांबला ते वरच्याला ठाऊक नव्हतं,
तो आपला गातच होता.
मला मात्र कळलं, आता काहीतरी बदलणार,
आणि बदललं.
हातातला वाल सालीतून सटकून
ओट्याखाली गेला, तो अजून तिथेच असेल.

मराठी यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी डाव्या तर्जनीखाली.
आधी ती मारायची.
कोऱ्या कागदावर ती क्षणभर
कुणावर धरलीय ते न कळणाऱ्या छत्रीसारखी,
मग अक्षर येऊन तिच्याखाली उभं राहायचं.
विषय. दिनांक. विनंती.
किती हजार वेळा.
माझ्या तर्जनीला हे सगळं आधीपासून माहीत होतं,
मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

आता संध्याकाळी दिवा न लावता ऐकते.
एका संथ तुकड्यात, दोन सुरांच्या मध्ये,
वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो,
आणि पायाखाली लाकूड किंचित कुरकुरतं.
माझ्या हातून असं काही राहिलं असतं
तर साहेबांनी कागद परत पाठवला असता.
बरं झालं, याचा कुणी पाठवला नाही.

परवा मिस्किटाबाईंना म्हटलं,
मला तो फार आवडतो हो,
ज्यात डावा हात आधी येतो
आणि वाट बघतो.
नाव काय त्याचं?
त्या इतक्या हसल्या की हिरव्या फ्रॉकवालीचं बोट चुकलं.
कारखानीसबाई, म्हणाल्या,
असे निम्मे तरी असतील.

म्हटलं, चालेल.
निम्मे पाठवा.