पापुद्रा

विस्कॉन्सिनचं गोठलेलं माळरान.
गोल्डनरॉडच्या वाळल्या काड्या बर्फातून वर आलेल्या,
काहींच्या गळ्याशी फुगीर गाठ,
गाठीत एकेक अळी झोपलेली.

आर्डिस ट्वेट चाकू घेऊन आलीय.
तळ्यावर बर्फाला भोक पाडून बसलेल्या भावाला
गळाला लावायला अळ्या हव्यात.

पहिली गाठ पोकळ. दुसरीही.
पुढच्या काडीवर तो:
मुठीत मावेल एवढा सुतारपक्षी, काळापांढरा,
डोक्यामागे लाल ठिगळ.
काडी वाकते, मोडत नाही.
मादी दूर, मेपलच्या जाड खोडाशी;
बारक्या फांद्यांवर तो तिला फिरकू देत नाही.

टुक. टुक.
थांबतो.
टुक.

अळीनं पानगळीतच बोगदा कोरून ठेवलेला,
तोंडाशी सालीचा पापुद्रा तेवढा राखून,
वसंतात डोक्यानं ढकलून बाहेर पडायला.
त्याला नेमका तोच सापडतो.

आर्डिस बघत राहते, चाकू मिटून.
आज भाऊ कुरकुरणार:
एवढ्याच?

कोटाच्या आतल्या खिशात काड्यापेटी,
काड्यापेटीत सहा अळ्या.
त्यातली एक तिच्या उबेनं
हलायला लागलीय.