सत्तावीस पावलं

आजीनं जाताना जमीन दिली नाही, दागिना दिला नाही,
एक आकडा दिला.
फाटकापासून सत्तावीस पावलं, मग उजवा हात.
ओतिलिया चोके, वय वर्षं सात,
बापाला पुरलं त्या दिवशी तिनं मोजली होती,
कारण कुणीतरी सांगितलं होतं
मोजलेलं हरवत नाही म्हणून.

सान्ता रुफिना आता कारखाना नाही.
चिमणी उभी आहे, तिच्याखाली काही नाही.
पत्रे गेले, रूळ गेले,
कब्रस्तानाचं लोखंडी फाटकसुद्धा भंगारात गेलं.
वालेरिओ मामानं ट्रक थांबवला, टोपी मागं सारली,
म्हणाला, हं, मोज. कुठून मोजतेस?

इथं पाऊस नाही म्हणून काहीच कुजत नाही.
कागदी फुलं रंग सोडतात, पाकळी सोडत नाहीत.
वाळूतून वर आलेल्या एका बुटाची नाडी
अजून गाठ धरून आहे.
क्रूस शेकड्यांनी, राखाडी, माशाच्या काट्यांसारखे,
आणि त्यांच्यावरची अक्षरं
वाऱ्यानं चाटूनपुसून नेलेली.
सोऱ्याची ही जमीन सगळं राखते,
नाव तेवढं राखत नाही.
जन्मभर जे खाल्ल्या मिठाला जागले
त्यांच्याविषयी विचारलं
की मिठाची गुळणी धरून बसते.

इकीकेच्या दफ्तरात निकानोरची एक ओळ मिळाली होती.
कामगार एकशे अठरा. उकळत्या काहिलीत पडला.
पगारातून वजा: फळ्या चार, खिळे बावीस,
आणि त्या दिवशीचा अर्धा खाडा.
बाकी तीन बिल्ले,
कंपनीच्या दुकानाबाहेर ज्यांना कुणी विचारत नसे.
त्यातला एक माझ्या खिशात आहे.
बोटांनी चाचपत राहते. घासून घासून
त्याचाही आकडा गेलाय.

मी कपडे शिवते. टेप घेऊन आले होते.
पण सात वर्षांच्या पोरीचं पाऊल किती इंचांचं?
चौदा? पंधरा?
रडत असेल तर?
आई दंडाला धरून ओढत असेल तर?
बूट थोरल्या भावाचे असतील तर?

म्हणून रेनाताला आणलं.
माझी धाकटी, मार्चमध्ये सात पुरी झाली.
फाटकाच्या खांबांचे दोन खळगे सापडले,
त्यांच्या मधोमध तिला उभं केलं.
चाल, म्हटलं. नेहमीसारखी चाल.
आणि नेहमीसारखं कसं चालतात
तेच ती विसरली.

मग निघाली. मोठ्यानं मोजत.
अकराव्याला हिरव्या काचेचा तुकडा दिसला, वाकली.
बारा आणि तेरा उड्या मारून.
सतराव्याला थांबली.
पाळण्यासारखा लहानसा लाकडी कठडा, आत नुसती वाळू.
हे बाळाचं आहे?
हो.
याला कुणी मोजलं होतं?
मामा दुसरीकडे बघू लागला. मी म्हटलं, पुढं चल,
आकडा विसरशील.

सत्तावीस.
उजव्या हाताला दोन क्रूस, एक पडलेला.
डाव्या हाताला नुसता उंचवटा, क्रूस नाही, काही नाही.
तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं
की मी आजीला कधी विचारलंच नाही,
उजवा हात कोणता,
जातानाचा की परततानाचा.
चाळीस वर्षं तिच्याजवळ बसून धागे ओवले,
आणि एवढं विचारलं नाही.

मामानं टोपी काढली.
कुणाकडे तोंड करावं ते न कळून
जरा इकडे, जरा तिकडे वळला,
आणि तशीच छातीशी धरून उभा राहिला.

रेनाताला कंटाळा आला होता.
परत जाऊ का, म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता
निघालीसुद्धा, पुन्हा मोजत,
काचेचा तुकडा मुठीत,
पाय ओढत, कारण ऊन चढलं होतं
आणि कुणी तिचा हात धरला नव्हता.

खळग्यापाशी पोचून तिथूनच ओरडली,
एकतीस!

तीच पोर, तीच वाट.
फुलांची पिशवी माझ्या हातात तशीच.
मामा ट्रकमध्ये जाऊन बसला,
पण किल्ली फिरवली नाही.