लाल रेघ

रात्री अकरा, मग तीन, मग सात.
ड्रूसिला मार्श गजर लावत नाही.
पंपाचा आवाज बदलला की तिला जाग येते,
आणि नाही बदलला तरी येते.

चेसापीकच्या उपसागरात, बेटाच्या कडेला,
खांबांवर उभी शेड.
आत बारा उथळ हौद, हौदांतून वाहतं खारं पाणी,
पाण्यात निळ्या नांग्यांचे खेकडे,
एकमेकांवर चढून बसलेले
आणि एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले.

ती एकेकाचा शेवटचा पाय धरते, वल्ह्यासारखा चपटा,
आणि दिव्यासमोर नेते.
कडेला पांढरी रेघ : अजून दोन आठवडे.
गुलाबी : आठवडा.
लाल : उद्या, परवा,
कदाचित हातातली कॉफी संपायच्या आत.
हे तिला सासऱ्याने शिकवलं, आठ बोटांनी.
उरलेली दोन विंचमध्ये गेली होती.
"तुटलेलं परत उगवतं," तो म्हणायचा,
"पण फक्त यांचं."

पाठ आणि पोट जुळतात तिथे फट पडते.
आवाज होत नाही.
खेकडा मागे मागे सरत
स्वतःतून बाहेर येतो.
डोळ्यांवरची काचेसारखी टोपणं सोडतो,
मिशांची म्यानं, कल्ल्यांचं अस्तर,
पोटात दळणारे दातसुद्धा.
सगळ्यात अवघड नांगी :
एवढा मोठा पंजा एवढ्याशा मनगटातून ओढायचा.
साबण लावून बांगडी उतरवलेल्या कुठल्याही बाईला
हे समजावून सांगावं लागणार नाही.
थोड्या वेळाने हौदात दोन खेकडे.
एक पोकळ, तोच जास्त खरा वाटतो.
दुसरा लोण्यासारखा,
बोटाला लागतो न लागतो असा.

हाड बाहेर आणि जीव आत,
ही युक्ती याची एकट्याची नाही.
खांबांवरचे बार्नकल, डोक्यावर कायमचे उभे,
पायांनी घास ओढणारे.
शेवाळात करंगळीएवढी कोळंबी.
वाळूवर उताणा पडलेला नालखेकडा,
नावाचाच खेकडा, गोत्र विंचवाचं.
फळीखाली गोम, जिने पाय कधी मोजले नाहीत,
आणि ड्रूसिलाच्या मानेवर आत्ता बसलेला डास.
सगळ्यांच्या पायांना सांधे.
सगळ्यांना एक दिवस
स्वतःचंच घर काखेत काचतं.

दिव्याखाली कोळ्याचं जाळं, खुंटीवर कोळ्याचं जाळं.
एक कोळी आठ पायांनी दुरुस्ती करतोय.
दुसरा, एल्वुड, गेल्या मार्चपासून
चर्चमागच्या त्यातल्या त्यात उंच मातीत.
जाळ्याशेजारी त्याचा मेणकापडी कोट,
पिवळा, कोपरात अजून वाकलेला.
धुवायचा राहिला आहे.
एवढंच, धुवायचा राहिला आहे.

तीनच्या फेरीला ती उलट्या खोक्यावर टेकली.
गुडघ्यात डॉक्टरांनी बसवलेला धातू
थंडीत आतून बोलतो;
तो ऐकता ऐकता डोळा लागला.
उठली तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं.
नवव्या हौदात एकाने कात टाकली होती,
कधीतरी मधेच, कुणी न बघता.
तिने पाठीवर अंगठा दाबला :
कागद. कुरकुरला.
बाल्टिमोरच्या हॉटेलांना कागद चालत नाही,
त्यांना लोणीच लागतं.

बाकीचे तिने ओल्या गवतात रांगेने निजवले,
डोळे वर, नांग्या मिटून.
सातच्या बोटीवर खोकी चढली.
वहीत लिहिलं : सत्तेचाळीस.

अठ्ठेचाळिसावा तिने धक्क्याच्या टोकाला नेला,
ओंजळीतून पाण्यात सोडला.
तो आडवा गेला,
म्हणजे त्याच्या मते सरळच.

शेडमध्ये, नवव्या हौदात,
त्याचा रिकामा झगा
पंपाच्या धारेत
सगळे दहा पाय हलवत राहिला.