एकशे एकोणिसावं पान

मणेरीकरांच्या पुस्तकाला आमच्याकडे
एकशे अठरा पानं होती.
कपाट चौथं, खालून दुसरा कप्पा,
खाकी कागदाचं वेष्टन, वर नाव नाही.
गरजच नव्हती. कुणीही यायचं, म्हणायचं,
"ते दे की, खड्ड्याचं."

त्यात खड्डा नव्हता. विहीर होती,
माडांच्या बागेतली, चिऱ्यांनी बांधलेली,
तिच्या पायऱ्या उतरताना मोजाव्यात
तर दर वेळी एक जास्त भरायची.
पण साखर पेठेत माड कुठला,
आणि चार दिवसांनी नळ येणाऱ्या माणसाला
भरलेल्या विहिरीची कसली भीती?

अंबादास वनमनं वाचलं आणि पाळीवर सांगितलं,
धोट्यांच्या खडखडाटावर ओरडून,
शेजारच्याच्या कानाला तोंड लावून.
अर्धं पोचलं, अर्धं सुतात अडकलं.
पाळी सुटेपर्यंत विहिरीचा झाला होता
हातमागाचा खड्डा,
जुन्या घरांत असायचा तसा,
ज्यात विणकर कमरेपासून खाली
दिवसभर अंधारात असतो,
आणि पावडी दाबावी
तर खालून कुणीतरी,
आधी हलकेच,
मग लयीत,
तीच पावडी दाबतं.

शेवटचं पान फाटलेलं. कधीचं, ठाऊक नाही.
अठ्ठ्याहत्तरच्या तपासणीत शेरा आहे: पान ११९ नाही.
त्याखाली वेगळ्या शाईत: चालेल.

म्हणून शेवट ज्याचा त्याच्याकडे.
राजम्मा बिटला विड्या वळता वळता सांगायची:
खालचे पाय मेलेल्या जावेचे,
आणि ती वर बघून म्हणते,
"आता अर्धी मजुरी माझी."
रेवणसिद्धच्या शेवटात चादर पुरी होते,
झटकून उलगडावी तर नक्षीत, मोरांच्या जागी,
विणणाऱ्याचंच तोंड, दोन्ही बाजूंनी सारखं.
मेहबूब जॉबरचा शेवट सगळ्यात लहान.
लाईट गेली. माग थांबला नाही.

यंदा गड्ड्याच्या दिवसांत पुण्याहून एक मुलगा आला,
प्रबंध करणारा, हातात चकचकीत नवी आवृत्ती.
विचारलं, "इथल्या वाचकांना मणेरीकर
कितपत परिचित आहेत?"
बाकावरचे तीन पेपर खाली झाले.
"परिचित," अंबादास म्हणाला. "बस. चहा घे."

मुलानं एकशे एकोणिसावं पान वाचून दाखवलं,
स्वच्छ, स्वल्पविरामांसकट.
माणूस विहिरीतून वर येतो. उजाडलेलं असतं.
पायऱ्या मोजतो. बरोबर भरतात.
वैद्य सांगतात, ताप होता.

बराच वेळ नुसता पंखा.
मग अंबादास, जवळच्या कुणाची
खोटी बातमी आल्यासारखा:
"हे त्यांचं नाही. मागनं कुणीतरी जोडलंय.
ते आपल्याला असं घरी नाही पाठवायचे."
मुलानं फोनवर हस्तलिखित दाखवलं.
रेवणसिद्धनं चष्मा वर करून बघितलं, मान हलवली.
"अक्षर त्यांचं असेल की. पान नाही."
आणि मेहबूबनं पोराच्या पाठीवर हात ठेवला,
नवख्या कामगाराच्या ठेवतात तसा.

नवी प्रत मी नोंदवून घेतली, शिक्का मारला.
अजून कुणी नेली नाही.
राजम्माला सांगितलं तर हसली नुसती:
"ताप? आणि मजुरी कुणी नेली मग?"

ते "चालेल" माझ्या बापाचं अक्षर.
एकतीस वर्षं तो याच खुर्चीत बसला,
मांडी घालून, पाय कधी खाली सोडले नाहीत.
आम्हाला वाटायचं, गुडघे.

साडेआठ झाले. पेन टेबलाखाली गेलंय.
सकाळी बघू.