रकाना क्रमांक सात

बाहत्तर साली मी करवीर कचेरीत नवा कारकून,
खुर्चीच्या आखूड पायाखाली
घडी घातलेला कुणाचातरी सातबारा.
आदगोंडा चौगुले, राहणार वळिवडे,
स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचा अर्ज घेऊन आले.
टोपीला गुऱ्हाळाचा वास.

तारा तोडल्या: होय.
तुरुंग: बिंदू चौक, चौदा महिने.
साक्षीदार दोन, पैकी एक मयत.
सातवा रकाना तेवढा कोरा.
राष्ट्रीयत्व.

म्हटलं, काका, भारतीय लिहा आणि मोकळे व्हा.

मी आत गेलतो तवा ह्यो रकाना न्हवता, सायेब.
आत गेलो ते संस्थानची प्रजा म्हणून,
भायेर आलो तरी प्रजाच.
मग दवंडी झाली, आम्ही मुंबई राज्यात गेलो.
गेलो म्हंजे, घर हाय तितंच.
मग महाराष्ट्रात गेलो.
म्हस तीच, दावं तेच.

सुटल्यावर त्यांना कुणी काम देईना,
म्हणून छावणीत दूध घालायचे.
लढाईनं हाकललेली पोलंडची माणसं,
वळिवड्याच्या माळावर, कौलारू बराकीत.
तिथं हालिना नावाची मास्तरीण होती.
पोरांसाठी पाटीवर आपला देश काढायची,
बातमी येईल तशी
एक कड पुसायची, दुसरीकडं वाढवायची.
शेवटी म्हणे पाटी पुरेना.

ती गेली. कुठं, ते दूधवाल्याला कोण सांगणार.
तिच्या कोटाच्या खिळ्याला
चोइथरामनं कापड मोजायचा गज अडकवला,
शिकारपूरहून तेवढाच आणलेला.

दोघांना मी कदी इचारलं न्हाई, तू कुठला.
इचारायचो, दूध किती?

मागं रांग होती. मी जरा चिडूनच बोललो,
मग लढलात कशासाठी?

पाळीसाठी.

कोपरीच्या खिशातनं एक कागद निघाला,
घडीवर फाटत आलेला,
बंधाऱ्याचं पाळीपत्रक.
शेपटाचं रान आधी भिजायचं, मग वरचं.
चावी ज्याच्या हातात, त्याचा नंबर शेवट.
आसलं सरकार पायजे हुतं आम्हाला.
आमच्या खोलीत त्यावर रातरातभर वाद व्हायचा,
एक जण तर म्हणायचा, शीवच नको,
नदी जाईल तितवर एकच पत्रक.
खुळा हुता. पर गणित बराबर हुतं त्येचं.
इंग्रज गेला, सायेब. चावी ऱ्हायली. हात बदलला.

मी शिक्का उचलला. जांभळी शाई.
अपूर्ण. परत.
ते पुन्हा आले नाहीत.
मीही नाव काढलं नाही, खरं सांगायचं तर,
सत्तेचाळीस वर्षं.

मग एकोणीसचा पूर.
कुंभार गल्लीत दुसऱ्या मजल्यावर मी,
रेशनकार्ड, आधार, पेन्शनबुक
प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर धरलेलं.
नाव आली. नावाडी कानडी बोलत होता.
एवढंच मराठी आलं त्याला: किती माणसं?
आणि पिशवीकडं बघून, ते राहू दे, हात दे.

शाळेत नऊ दिवस.
लाईट एका वर्गात, बोर्ड एक, मोबाईल सत्तर.
निलोफर मुल्ला म्हणून एक पोरगी,
शाळेची किल्ली तिच्याकडं,
तिनं फळ्यावर खडूनं पाळी लावली:
ज्यांची माणसं अजून सापडली नाहीत, ते आधी.
मग बाळंतिणी, मग म्हातारे.
सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, स्वतःचं नाव.
मी तो फळा किती वेळ बघत बसलो होतो
कुणास ठाऊक. कुणीतरी चहा आणून दिला,
तो निवला.

दहाव्या दिवशी पाणी उतरलं.
कचेरीचा पोरगा पंचनाम्याचे अर्ज घेऊन आला,
नवाच असावा, टेबल डगमगत होतं.
नाव लिहिलं. वय लिहिलं. नुकसान लिहिलं.
सातव्या रकान्यापाशी पेन थांबलं.
पोरगा म्हणाला, आजोबा, लिहा की, सगळे तेच लिहितात.
बरोबर होतं त्याचं. मीही तेच लिहिणार होतो.
मागनं कुणीतरी ओरडलं,
ओ, आटपा की! रांग लागलीया.