भाताचा हिशेब

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या मागच्या बोळात
आमची खानावळ. पाटी तीनदा रंगवली, नाव तेच.
काल माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला.
आत सासूबाईंच्या वह्या, सन बासष्टपासूनच्या.
झुरळांनी कडा कुरतडल्यात, रकमा मात्र शाबूत.

एका पानावर माझा बाप सापडला.
"बाबल पांचाळ, करूळ. घाटाखालचा.
सोबत कोण नाही. ओळख म्हादबा फिटरची.
भात फार खातो.
बाकी दोन रुपये साठ पैसे."

बाप सांगायचा, घाट पायी चढलो,
गगनबावड्यात रात्रभर एसटीची वाट बघितली.
खिशातली पत्त्याची चिठ्ठी घामानं विरली,
मग माणसांना विचारत आलो,
लोखंड कुठं वितळवतात हो?
इथली पोरं त्याला नाकात बोलायला लावून हसायची,
"काय रं कोकण्या" म्हणत चहा पाजायची.
खोली मात्र सहा महिने कुणी दिली नाही.
मोल्डिंगच्या वाळूवर झोपला.
वाळू पहाटेपर्यंत ऊब धरते, म्हणायचा.

आता बिरंची बेहेरा येतो. जिल्हा गंजाम.
तीन दिवस, तीन गाड्या, मिरजेला शेवटची बदली.
चिठ्ठी नाही. ठेकेदारानं फोनवर ठिकाण धाडलेलं,
निळा ठिपका थेट आमच्या उंबऱ्याशी थांबला.
रोज रात्री तो बायकोला ताट दाखवतो,
तांबड्या रश्श्यावरून कॅमेरा पटकन सरकवतो.
माझ्या आजीला वर्षात दोन पत्रं जायची,
दोन्ही म्हादबाच्या अक्षरात.
जास्त लांब कोण, मला ठरवता येत नाही.

खोलीचं म्हणाल, तर सहाजण एका पत्र्याखाली.
मालक परगावच्यांना भाडं दीडपट लावतो.
मालकाचा आजाही घाटाखालचाच.

पण मी कुठं वेगळी?
परवा पोरीला म्हणाले,
"ह्यांना भाकरी नको, नुसता भात उपसत्यात.
परवडत नाय गं."
तेव्हा वही अजून माळ्यावर होती.

आज दुपारी दुसऱ्यांदा डाव नेला,
तर बिरंचीनं ताटावर हात आडवा धरला.
"बास, मावशी," म्हणाला. मराठीत.
म्हणजे परवाचं त्याला कळलं होतं.

डाव तसाच हातात.
गल्ल्याजवळचा डबा ओरडला,
सत्तर रुपये मिळाले.
बापाचे दोन रुपये साठ पैसे
वहीत खोडलेले नाहीत.