कानातला खडा

कॉड माशाच्या डोक्यात, मेंदूच्या जरा खाली,
दोन पांढरे खडे असतात, पावट्याच्या दाण्याएवढे.
त्यांच्यावर तो तोल सांभाळतो, त्यांनीच ऐकतो,
आणि वर्षाला एक कडं
गुपचूप चढवत राहतो.
हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही.
पिंचर्स कोव्हच्या मासळी कारखान्यात
डोकी वेगळी करणाऱ्या बर्नीसमावशीनं सांगितलं,
हातमोजा न काढता, पुढच्या माशाकडे वळत.

तेव्हापासून आमच्या फ्रीझरमध्ये
आइस्क्रीमच्या डब्याखाली त्रेसष्ट डोकी.
आई म्हणाली, नाताळच्या आत ती गेली नाहीत
तर तू जाशील.

प्रश्न माझाच होता:
खाडीच्या आतला मासा
आणि बाहेर खुल्या समुद्रातला,
सारखेच वाढतात का?
हायन्स सरांनी खाली दोन शब्द लिहिले, कसं कळेल,
आणि वही परत दिली.
बाकीचं पान कोरं.

सुरी कवटीत नेमकी कुठं घालायची
ते दहाव्या डोक्याला समजलं.
आधीच्या नऊ माशांचा भुगा झाला,
तो मी एका काडेपेटीत ठेवलाय, का कुणास ठाऊक.
खडा मधोमध मोडायचा, ज्योतीवर धरायचा,
कडी हळूहळू तपकिरी होतात
साय करपावी तशी.
मग शाळेचा मायक्रोस्कोप,
ज्याची एक काच कुणीतरी
माझ्या जन्माआधीच ओरखडून ठेवलेली.

सात.
पुन्हा मोजलं, आठ.
जेवून आले, सात.
सर म्हणाले, दोन्ही लिही.
पण खरं किती?
दोन्ही लिही, डेल्फीन.

गॉवरकाकांनी बोट विकली त्या दिवशी
समुद्राच्या नावानं कानाला खडा लावला.
आता खिडकीशीही बसत नाहीत.
मी एक खडा त्यांच्या तळहातावर ठेवला.
त्यांनी तो दिव्याकडे धरला, बराच वेळ.
"याच्या तर कानातच होता," म्हणाले,
"तरी गेला नाही कुठं."
आणि चहा निवला म्हणून आईवर चिडले.

फेब्रुवारीत आलेख काढला.
मला दोन रेषा हव्या होत्या,
एक चढती, एक जरा मागे राहिलेली.
आला एकच घोळका,
वाऱ्यानं धक्क्यावर ढकललेल्या समुद्रपक्ष्यांसारखा.
आणि त्यात नंबर एक्केचाळीस,
सगळ्यांपासून दूर, खाली, एकटा.
तो नसता तर निदान काहीतरी दिसलं असतं.
खोडरबर हातात होतं.
रात्रीचे अकरा वाजले होते, कुणी बघत नव्हतं.

मी तो खडा पुन्हा काचेखाली घेतला.
बाहेरून आत मोजत गेले:
तिसरं कडं केसाएवढं.
तीन वर्षांपूर्वीचं.
त्या हिवाळ्यात बाबा आल्बर्टाला तेलाच्या कामावर गेले
आणि पैसे यायला वसंत उजाडला.
त्या वर्षी माझी जुनी पँट
मला आखूड झाली नाही.

हे मी अहवालात लिहिलं नाही.
एक मासा म्हणजे पुरावा नव्हे,
एक मुलगी तर नाहीच.
फक्त ठिपका खोडला नाही.

प्रदर्शनात निळ्या बिल्ल्याच्या बाईंनी विचारलं,
मग फरक सापडला?
चौपन्न माशांत तरी नाही.
त्या थांबल्या. बहुतेक मी अजून काही बोलेन म्हणून.
माझ्या बोटांना अजून वास येत होता,
मी हात पाठीमागे नेले.
"पुढच्या वर्षी दोनशे लागतील," मी म्हटलं.

परतताना आई पेट्रोल पंपापर्यंत गप्प होती.
काचेवर मऊ बर्फ, वायपर कुरकुरत होता.
मग गाडी बंद करून
समोरच बघत म्हणाली,
"दोनशे?
मग दुसरा फ्रीझर बघावा लागेल."